उचल किती दिली असेल?

“ताई, हिला उचल किती दिली आसंल वो?”

मशीन बसवून जेमतेम तासभर झाला होता. डिसेंबर २०२४ची गोष्ट. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीत पुडीचं जुनं मशीन काढून बिया दळून कॉफी देणारं नवं मशीन आलं होतं, आणि त्याच्या शेजारी पुरवठादाराने माणसाएवढ्या उंचीचा एक स्टँडी उभा केला होता. स्टँडीवर एक बाई. डोक्याला रंगीत रुमाल, कमरेला वेताची टोपली, टोपलीत लालभडक फळं, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्यालाही हसावंसं वाटावं. खाली इंग्रजीत लिहिलेलं, की तुमच्या प्रत्येक कपामुळे एका शेतकरी कुटुंबाचं आयुष्य बदलतं. त्याखाली एका प्रमाणपत्राचा हिरवा शिक्का आणि मोबाइलने स्कॅन करायचा चौकोन. मावशी ओटा पुसता पुसता थांबल्या होत्या आणि फडकं हातात तसंच धरून त्या बाईकडे बघत होत्या. ताज्या दळलेल्या कॉफीचा वास मजलाभर पसरला होता. मी पहिला कप भरून घेत होते. त्यांनी विचारलं, मी हसून “माहीत नाही हो मावशी” म्हटलं आणि कप घेऊन मीटिंगला गेले.

मीटिंगमध्ये लक्ष लागलं नाही.

मावशी धारूरकडच्या. नवऱ्याबरोबर अकरा हंगाम त्यांनी ऊस तोडला आहे, कधी सांगलीकडे, कधी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याची उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, दसऱ्याच्या आत मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घ्यायची, हे त्यांच्या घरात पावसाळा-हिवाळ्यासारखं ठरलेलं होतं. पोरगी दहावीला गेली त्या वर्षी त्यांनी हट्टाने तोडणी सोडली आणि घणसोली गावठाणात एका खोलीत संसार मांडला. नवरा महापेला एका गेटवर असतो, मावशी आमच्याकडे, कंत्राटदारामार्फत. त्या दिवशी स्टँडीपुढून आमच्या मजल्यावरची दीड-दोनशे माणसं गेली असतील. कुणी टोपली बघितली, कुणी रुमाल, कुणी चौकोन स्कॅन केला. ही बाई तिथलीच की हंगामाला बाहेरून आलेली, आली असेल तर कुणाकडून पैसे उचलून आली, ते पैसे हंगामाअखेर फिटणार की अंगावर राहणार, हे एकट्या मावशींच्या मनात आलं. दोन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, “हिच्या हाताला चीक न्हाई लागलेला. फोटूपुरती हुबी केली आसंल.” मी जवळ जाऊन बघितलं. नखं खरंच स्वच्छ होती. आणि आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. मशीनमधली कॉफी कर्नाटकातली होती, पाकिटावरच तसं होतं. चित्रातली बाई तिच्या पेहरावावरून पार दक्षिण अमेरिकेतली दिसत होती. चौकोन स्कॅन केला तर डोंगरावरून उडणारा कॅमेरा, धुकं, मंद संगीत आणि पुन्हा तसंच कुणाचं तरी हसू. आकडा एकही नाही.

ती कॉफी ऑफिसात आणण्याची फाइल माझ्याच टेबलावरून गेली होती, म्हणून हे सगळं मला जास्त लागलं. पुरवठादारांची छाननी हे माझं काम. सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३पासून जबाबदारी आणि शाश्वततेचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून ते वाढतच गेलं आहे. परदेशी ग्राहक आम्हाला फॉर्म पाठवतात, आम्ही ते भरतो, आणि तसाच फॉर्म आम्ही आमच्या पुरवठादारांना पाठवतो, ते भरतात. कॉफीवाल्यांचा फॉर्म फार देखणा आला होता. बालमजुरी, नाही. सक्तीची मजुरी, नाही. किमान वेतन, होय. तक्रार निवारणाची सोय, होय. सोबत प्रमाणपत्राची रंगीत प्रत. मी मुदत बघितली, शिक्का बघितला, सही केली. दहा मिनिटं लागली असतील. मला कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. फॉर्ममधलं प्रत्येक उत्तर खरं असू शकतं. माझी अडचण अशी की मावशींच्या प्रश्नाचं उत्तर त्या फॉर्ममध्ये नव्हतंच, कारण तो प्रश्नच त्यात नव्हता, आणि फॉर्म मी तयार केलेला होता.

प्रमाणपत्रं कशी दिली जातात हे मला कामामुळे ठाऊक आहे. छोट्या शेतकऱ्यांचा गट असेल तर तपासनीस सगळ्यांच्या शेतावर जात नाही. सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी की गटातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं. चारशे शेतकरी असतील तर विसांच्या बांधावर जायचं. यात लबाडी नाही. जगात कॉफीची सव्वा कोटीच्या आसपास शेतं आहेत आणि त्यातली बहुतेक पाच हेक्टरांच्या आतली, कुणी कुठे कुठे जाणार? पण त्या विसांकडेसुद्धा माणूस बहुतेकदा कळवून जातो. मावशींना मी हे सोपं करून सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. “कारखान्याचं सायब यायचं आसलं की मुकादम आदल्या रातीच सांगून जायचा, लेकरं कोपीतच ठिवा, फडात आणू नगा.” एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या. मी मात्र त्या वाक्याशी बराच वेळ बसून होते. लेकरं कोपीत, झोपडीत. फॉर्ममध्ये, बालमजुरी, नाही.

जबाबदारीच्या कागदाचा आणखी एक अनुभव माझ्या गाठीशी आहे, आणि तो आठवला की अजून कानकोंडं व्हायला होतं. २०२२च्या ५ जूनला आम्ही ऑफिसातले कागदी कप बंद केले. खरगपूरच्या आयआयटीचा २०२०चा अभ्यास होता, की कागदी कपात शंभर मिलिलिटर गरम चहा-कॉफी पंधरा मिनिटं राहिली तर आतल्या प्लास्टिकच्या अस्तरातून सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. तो आकडा घालून मीच सगळ्यांना मेल लिहिली. प्रत्येकाला चिनी मातीचा मग मिळाला. वर्षाच्या अहवालात ‘अडीच लाख कप वाचले’ हे वाक्यही माझंच. ते सगळे मग कोण धुणार, हे मेलमध्ये नव्हतं आणि अहवालातही नव्हतं. लोक दुपारी तीनला अर्धी कॉफी टेबलावर सोडून जातात, साय आणि फेस काठाला वाळून बसतो, तो नखाने खरवडावा लागतो. मावशींची सहाची लोकल सुटायला लागली. आठ महिन्यांनी एकदा बिल देताना त्यांचा हात उजेडात आला आणि मला बोटांच्या पेरांवरच्या भेगा दिसल्या, काळ्या पडलेल्या, आत साबण गेलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, “पानी लई लागतं ना आता.” कंत्राटात ‘पॅन्ट्रीची स्वच्छता’ एवढे दोनच शब्द आहेत, त्यात दहा मगही बसतात आणि चारशेही. मी प्रशासनाच्या मागे लागले. चार महिन्यांनी दुपारच्या दोन तासांसाठी दुसरी बाई मिळाली. ती मिळेपर्यंत आमच्या पर्यावरणप्रेमाची किंमत एका माणसाच्या हातांनी दिली, आणि मागाहून कुणी तिचा हिशेबही मागितला नाही.

आमच्या नौपाड्याच्या घरात चहा रोजचा होता आणि कॉफी प्रसंगाची. लांबून पाहुणे आले, कुणी आजारातून उठलं, हरतालिकेचं जागरण असलं, की आजी फडताळातून कॉफीच्या वड्यांचा डबा काढायची. दूध उकळलं की वडी चुरून टाकायची, वरून सहाणेवर दोन फेरे उगाळलेलं जायफळ. तो वास आजही नाकात आहे. कॅफेत बसून मी कितीही महागाची कॉफी प्यायले तरी ‘कॉफी’ म्हटलं की मला आधी जायफळच आठवतं. ती वडी कुठून येते असं मी एकदा विचारलं होतं. आजी म्हणाली, “वाण्याकडून.” तिच्या स्वयंपाकघरात असं उत्तर फार थोड्या वस्तूंना मिळायचं. तांदूळ वाड्याचा. हळद सांगलीची. शेवळं, टाकळा, कंटोळी येऊरच्या आदिवासी बाईकडची. ती बाई पावसाळ्यात भल्या पहाटे डोंगर उतरून यायची, टोपली उतरवायला आजी हात द्यायची, आणि मग दोघींची घासाघीस सुरू व्हायची. आजी रुपयासाठी भांडायची, हे मला लपवायचं नाही. पण त्या बाईची लेक कधी बाळंत होणार हे तिला माहीत असायचं, आणि बाई आठ दिवस आली नाही तर ती अस्वस्थ व्हायची. त्या व्यवहारात न्याय किती होता हे मला आजही नीट ठरवता येत नाही. रुपया कमी करून घेतलेली भाजी आम्ही खाल्लीच. फक्त ज्या बाईचा रुपया कमी केला ती आजीच्या समोर बसलेली असायची, आणि आजीला तिच्या तोंडाकडे बघत तो कमी करावा लागायचा.

कॉफीवाली बाई मी प्रत्यक्ष बघितली ती तीन वर्षांपूर्वी, नाताळच्या सुट्टीत. मडिकेरीच्या जवळ एका मळ्यावर आम्ही चार दिवस राहिलो होतो. वर सिल्व्हर ओक आणि फणस, खोडांवर चढलेले मिरीचे वेल, आणि त्यांच्या सावलीत कॉफीची झुडपं. आपल्याकडची कॉफी अशी सावलीत वाढते, म्हणून त्या जंगलात पक्षी टिकून आहेत, हे मळ्याचे मालक अभिमानाने सांगत होते आणि तो अभिमान रास्तच होता. सूफी संत बाबा बुदान यांनी येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून भारतात आणल्याची कथा त्यांनी शेकोटीपाशी रंगवून सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तोडणी बघायला गेलो. कॉफीचं फळ एकाच फांदीवर लाल, पिवळं, हिरवं असं एकत्र असतं, आणि लाल तेवढंच काढायचं असतं, त्यामुळे डोळा आणि बोट सतत एकत्र चालावं लागतं. साल फुटली की गोड, बुळबुळीत चीक हाताला लागतो आणि त्यावर धूळ बसून बोटं काळी होतात. फांद्यांवर पानं शिवून तांबड्या मुंग्यांनी घरटी केलेली. फांदी हलली की त्या मानेवर पडतात. बायका एका हाताने मान झाडत, दुसऱ्या हाताने तोडत होत्या. संध्याकाळी पोती काट्याला लटकवली, मुकादमाने वहीत आकडे लिहिले. त्या रांगेत एक विशीतली मुलगी होती, आसामहून आलेली. मी तिला हिंदीत विचारलं, इथे कसं वाटतं? “ठंड बहुत है,” ती म्हणाली. मग मी म्हटलं, एक फोटो काढू? ती उभी राहिली. मला तो चेहरा फार गंभीर वाटला. मी म्हटलं, “थोडा हँस दो ना.”

ती हसली.

तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. तेव्हा मी तो सगळ्यांना पाठवला होता, लोकांना आवडलाही होता. स्टँडीच्या बाईकडे बघताना आपण हिला कुठेतरी भेटलोय असं का वाटतंय, हे मला मावशींच्या प्रश्नानंतर आठवड्याने कळलं, ट्रान्स हार्बरच्या गाडीत, ऐरोलीहून ठाण्याला येताना. फोटो उघडून बघितला. पाठीमागे पत्र्याची मजूर लाइन दिसते, दोरीवर एक फ्रॉक वाळत टाकलेला. तिला पैसे किती मिळतात हे मी विचारलं नव्हतं. कुणी आणलं, जाताना हातात काय उरतं, हेही नाही. माझं रोजचं कामच हे प्रश्न विचारण्याचं आहे, आणि समोर माणूस उभं असताना मी तिला फक्त हसायला सांगितलं.

फेब्रुवारीत पुरवठादाराचा माणूस दर वाढवून मागायला आला. “मॅडम, आमच्या हातात काही नाही, न्यूयॉर्कला भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेलाय.” खरंच गेला होता. अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात ठरतो, रोबस्टा जातीचा लंडनच्या, आणि जगातली जवळजवळ एक तृतीयांश कॉफी पिकवणाऱ्या ब्राझीलमध्ये पावसाने ओढ दिली की ऐरोलीतल्या मशीनचा दर वाढतो. त्या रात्री मी मागचे भाव वाचत बसले. २००१मध्ये हीच अरेबिका पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली आली होती. त्याआधी १९६२च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली पिकवणारे आणि पिणारे देश एकत्र बसून कोटा ठरवत आणि भाव त्यातल्या त्यात एका पट्ट्यात राही. जुलै १९८९मध्ये तो कोटा मोडला. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेचे तेव्हाचे प्रमुख नेस्टर ओसोरिओ यांनी २००२मध्ये जे मांडलं ते मी दोनदा वाचलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जगात कॉफीची किरकोळ विक्री सुमारे तीस अब्ज डॉलरची, आणि त्यातले दहा-बारा अब्ज पिकवणाऱ्या देशांना मिळत. दहा वर्षांनी विक्री सत्तर अब्जांच्या वर गेली आणि पिकवणाऱ्या देशांच्या वाट्याला आले साडेपाच अब्ज. पिणाऱ्यांनी दुपटीहून जास्त मोजले आणि पिकवणाऱ्यांना आधीच्या निम्मेच मिळाले. ज्या काळात कपांवर हिरवे शिक्के आणि हसरे चेहरे यायला लागले, तो हाच काळ.

वाचताना सारखा ऊस आठवत होता. उसाला निदान एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, आहे, ती मिळाली नाही तर शेतकरी रस्त्यावर येतो, साखर आयुक्तांच्या दारात बसतो. कॉफीला जगाच्या बाजारात तसा आधार नाही. फेअरट्रेडसारख्या चळवळीने तो ठेवायचा प्रयत्न केला, ऑगस्ट २०२३पासून त्यांच्या धुऊन गर काढलेल्या अरेबिकाचा किमान भाव पौंडाला एक डॉलर ऐंशी सेंट आहे आणि वर गावाच्या कामांसाठी वीस सेंट. बाजार चार डॉलरवर असताना तो आकडा क्षुल्लक दिसतो, पण बाजार एक डॉलरवर येतो तेव्हा त्याच आकड्यावर घरं तगतात. मला त्या प्रयत्नाचा आदर आहे. पण हा भाव बागवाल्याचा. उसाची एफआरपी वाढली म्हणून टोळीची मजुरी आपोआप वाढते का? तिला वेगळा संप करावा लागतो, वेगळ्या बैठका, वेगळा लवाद. जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला तो असाच, कोयता बंद ठेवून. भाव चढला तेव्हा मडिकेरीकडचे, कोडगूचे बागवाले कितीतरी वर्षांनी सुखावले, आणि ते सुख त्यांच्या हक्काचं होतं. त्या आसामच्या मुलीचा संप कोण करणार, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही.

एकदा रात्री लाइटबिलाच्या पाकिटामागे हिशेब मांडला. दिवसभरात तिने साठ किलो फळं तोडली असं धरू. सहा किलो फळांतून एक किलो हिरवी बी निघते, म्हणजे दहा किलो. भाजल्यावर वजन घटून राहते सव्वाआठ किलो. कपाला नऊ ग्रॅम धरले तर नऊशेच्या वर कप. घोडबंदर रोडच्या कॅफेत कापुचिनो अडीचशेच्या घरात आहे, म्हणजे तिच्या एका दिवसाच्या तोडणीचे सव्वादोन लाख रुपये होतात. हे सगळे तिचे नाहीत, हे मलाही कळतं. त्यात दूध आहे, जागेचं भाडं आहे, कर आहे, दिवा स्टेशनहून दोन गाड्या बदलून येणाऱ्या आणि आठ तास उभ्याने कॉफी करणाऱ्या मुलाचा पगार आहे. भाजणारा, दळणारा, ट्रकवाला, सगळ्यांचं त्यात काही ना काही आहे. प्रत्येकाच्या नावापुढे मी अंदाजाने आकडा लिहू शकले. तिच्या नावापुढची जागा मोकळी राहिली, कारण ती समोर असताना मी विचारलं नव्हतं.

स्टँडीवरची बाई जिथली वाटत होती त्या खंडातल्या ब्राझीलबद्दलही वाचलं. गुलामी तिथे १८८८मध्ये कायद्याने संपली, आणि ती संपेपर्यंत तिथल्या कॉफीच्या मळ्यांत गुलाम राबत होते. आजही तिथे दंडसंहितेच्या १४९व्या कलमाखाली ‘गुलामीसदृश मजुरी’ हा गुन्हा आहे, आणि अशा मालकांची नावं सरकार यादी करून जाहीर करतं. तिथले लोक तिला ‘घाणेरडी यादी’ म्हणतात. कॉफीचे मळे त्या यादीत येत असतात, आणि प्रमाणपत्र मिळालेल्या मळ्यांवरही अशी माणसं सापडली आहेत. पद्धत ऐकल्यावर अंगावर काटा येतो, कारण ती ओळखीची आहे. लांबच्या गरीब गावात एक माणूस जातो, घरच्यांसाठी थोडे पैसे हातावर ठेवतो, गाडीत बसवून मळ्यावर आणतो. प्रवासाचे, जेवणाचे, हातमोज्यांचेसुद्धा पैसे खात्यावर चढत जातात आणि माणूस निघू शकत नाही. हा पैसे देऊन माणसं आणणारा जो असतो, त्याला तिकडे ‘गातो’ म्हणतात. गातो म्हणजे बोका. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या. “बोका? बरुबर हाय. पाय न वाजवता येतो.” मग जरा वेळाने म्हणाल्या, “आन् दुधाची वाटी आधी त्योच ठिवतो.”

त्याच बोलण्यात माझी नजर मशीनशेजारच्या स्टीलच्या पेल्यावर गेली. त्यात साखरेच्या पुड्या उभ्या करून ठेवलेल्या असतात. रोज त्यातली एक मी फाडते. त्या दिवशी पहिल्यांदा उलटसुलट करून बघितली. पांढरा कागद, पॅकिंग करणाऱ्याचं नाव, वजन. हसरा चेहरा नाही, शिक्का नाही, चौकोन नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी २०१९मध्ये गाजली, विधिमंडळात गेली, समिती बसली, तेव्हा मीही घरी टीव्हीसमोर हळहळले होते, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन साखरेची पुडी फाडली होती. कॉफीवाल्याला मी बासष्ट प्रश्न विचारले होते. साखर देणाऱ्या किराणावाल्याकडून जीएसटी क्रमांक आणि अन्न परवाना, एवढंच घेतलं होतं. परदेशी ग्राहक कॉफीबद्दल विचारतात, साखरेबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीही विचारलं नाही. आणि त्या कपात दोन्ही ढवळून मी ज्यांच्यासमोर पीत होते, त्यांनी अकरा हंगाम तोच ऊस तोडला होता.

जूनमध्ये फॉर्मची नवी आवृत्ती करायची होती. मी त्यात एक प्रश्न घातला. ‘हंगामी मजुरांना कामाआधी रक्कम दिली जाते का? किती, कोणामार्फत, आणि तिची वसुली कशी होते?’ आमच्या साहेबांनी विचारलं, हे कुठल्या निकषात बसतं? मी म्हटलं, कुठल्याच नाही. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, राहू दे. कॉफीवाल्यांकडून उत्तर आलं, ‘लागू नाही’. किराणावाल्यांचा तर फोनच आला, “मॅडम, साखरेला असं काय विचारता? साखर ती साखर.” मी त्यांना म्हटलं, तुम्ही ज्या कारखान्याची घेता त्याचं नाव तरी लिहून द्या. ते अजून आलेलं नाही. कॉफीवाल्यांना मी लिहिलं, लागू नाही म्हणजे उचल देत नाहीत, की देतात की नाही ते तुम्हाला माहीत नाही? त्यावर ते म्हणाले, निर्यातदाराकडे चौकशी करतो. निर्यातदार बागवाल्यांना विचारणार आहे म्हणे. पाऊस संपेल, फळं लाल व्हायला लागतील, गाड्या भरून माणसं यायला लागतील, तोवर तरी कुणी खाली विचारत जाईल का, हे मला सांगता येत नाही.

परवा संध्याकाळी पॅन्ट्रीत मावशी एकट्याच होत्या. स्टँडी आता दाराच्या मागे घडी करून ठेवलाय, बाईचा फक्त रुमाल दिसतो. मशीनचा खालचा खण ओढून त्या कॉफीचा ओला चोथा पिशवीत भरत होत्या, घणसोलीला दारातल्या कढीपत्त्याला घालतात. मी त्यांना सांगितलं, तुमचा प्रश्न मी फॉर्ममध्ये लिहिला, अजून उत्तर नाही. त्यांनी चमच्याने खणाचे कोपरे खरवडले.

“आमची शेवटाली उचल ऐंशी हजार व्हती,” त्या म्हणाल्या. “फिटली न्हाई. पंधरा हजार अंगावर ऱ्हायले. ते हितं येऊन भांडी घासून फेडले.” पिशवीला गाठ मारली, खण धुऊन परत बसवला, मशीनवर ओलं फडकं फिरवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “इचारा परत.”

आज सकाळी तिसऱ्यांदा विचारलं आहे.